एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही विषाणूविरोधी गोळी कशासाठी? (रक्ताच्या कर्करोगावरील उपचार आणि शरीरातले जुने विषाणू)

शुभदा_रेशीमबाग
नमस्कार. माझ्या बाबांना (वय ६७) गेल्या महिन्यात लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान झाले. बायॉप्सीच्या अहवालात 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' असे लिहिले असून नागपुरातल्याच एका रुग्णालयात त्यांची आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि इतर काही औषधांची एकत्रित) केमोथेरपी सुरू व्हायची आहे. रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारू नये.

केमोआधी ज्या तपासण्या झाल्या त्यांत एका कागदावर हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूच्या तपासण्यांच्या तीन ओळी आहेत. एचबीएसएजी नॉन-रिअॅक्टिव्ह. त्याखाली अँटी-एचबीसी टोटल रिअॅक्टिव्ह, तेही ठळक अक्षरांत. तिसऱ्या ओळीत अँटी-एचबीएस (विषाणूपासून संरक्षण देणारी प्रतिद्रव्ये) थोड्या प्रमाणात आढळल्याचे लिहिले आहे. त्यावर डॉक्टरांनी हिपॅटायटिस बीचा डीएनए तपासायला सांगितला आणि तो 'आढळला नाही' असा अहवाल आला. आम्हाला वाटले, विषय संपला. परंतु डॉक्टरांनी एन्टेकाविर नावाची गोळी पहिल्या रिटुक्सिमॅबच्या आधीपासून रोज एक अशी लिहून दिली आणि ती केमो संपल्यानंतरही दीड वर्ष तरी चालू ठेवावी लागेल असे सांगितले.

बाबांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे कोणालाच आठवत नाही. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणतो, की विषाणू सापडत नाही, यकृताचे आकडे उत्तम आहेत, मग आधीच इतकी औषधे घेणाऱ्या माणसावर आणखी एक लादायचे कशाला? मला डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाही, पण ओपीडीच्या त्या गर्दीत सविस्तर विचारायला वेळ मिळत नाही. ही गोळी खरोखर आवश्यक असते का, आणि इतका काळ का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, बाबांना लवकर आराम पडो. उत्तर मला ठाऊक नाही, पण आमच्या मामांच्या वेळीही हाच प्रश्न पडला होता, म्हणून धागा वाचत राहीन.

डॉ_निशाचर
शुभदाताई, मी रक्तविकारांच्या विभागात काम करतो. बाबांची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे खाली लिहितो ते सर्वसाधारण शास्त्र समजावे. त्यांच्यापुरता निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

एचबीएसएजी ही तपासणी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन शोधते. ती निगेटिव्ह आली म्हणजे या घडीला रक्तात ते प्रथिन सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह येणे म्हणजे या माणसाचा या विषाणूशी कधी ना कधी सामना झालेला आहे. आपल्याकडे तो पुष्कळदा लहानपणी किंवा तरुणपणी होतो, ताप आणि थकवा येऊन जातो, डोळे पिवळे होतातच असे नाही, आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यानंतर प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून टाकते, परंतु यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए एका बंद वर्तुळाच्या रूपात शिल्लक राहतो. आज उपलब्ध असलेले कोणतेही औषध ते वर्तुळ खात्रीने काढून टाकत नाही.

त्याला आयुष्यभर गप्प ठेवण्याचे काम टी-पेशी आणि बी-पेशी मिळून करत असतात. आर-चॉपमधला 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब. ते ज्या पेशींवर सीडी२० ही खूण आहे अशा सर्व बी-पेशी मारते, मग त्या कर्करोगाच्या असोत किंवा निरोगी. लिम्फोमा बरा होण्यात या औषधाचा वाटा फार मोठा आहे, पण पहारा उठतो तोही त्याच्यामुळेच. त्यात चॉपमधल्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेची भर पडते.

धोका कल्पनेतला नाही. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाबांसारखेच, म्हणजे एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेले ४६ लिम्फोमाचे रुग्ण होते. त्यांपैकी २५ जणांना नुसते चॉप मिळाले आणि एकाचाही विषाणू जागा झाला नाही. ज्या २१ जणांना आर-चॉप मिळाले त्यांपैकी ५ जणांचा झाला आणि एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात या धोक्याचा इशारा अधिक ठळक, चौकटीत छापायला लावला.

संत्राबर्फी
म्हणजे हा विषाणू जुन्या वाड्यातल्या पागडीच्या भाडेकरूसारखा झाला. घर सोडत नाही, फक्त मालक दारात उभा असेपर्यंत आवाज करत नाही. नागपूरच्या महाल भागात असे बरेच पाहिले आहेत.

अंबाझरी
डॉक्टरसाहेबांनी उत्तम लिहिले आहे, पण एका निवृत्त अभियंत्याच्या शंका मांडतो. एकवीस रुग्णांपैकी पाच म्हणजे सोळा जणांना काहीच झाले नाही. त्या सोळा जणांना दोन-दोन वर्षे गोळी द्यायची का? दर महिन्याला डीएनए तपासावा, आकडा दिसू लागला की गोळी सुरू करावी, हा मार्ग अधिक तर्कशुद्ध नाही का? आपल्याकडे अहवालात एक ठळक अक्षर दिसले की एक गोळी, ही पद्धतच पडून गेली आहे. माझा विरोध औषधाला नाही, आपोआप लिहिल्या जाणाऱ्या औषधाला आहे.

डॉ_निशाचर
काका, शंका रास्त आहे आणि हा वाद वैद्यकातही झालेला आहे. तैपेईमध्ये नेमकी हीच तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रिटुक्सिमॅब मिळणाऱ्या अशाच ८० रुग्णांपैकी काहींना आधीपासून एन्टेकाविर दिले आणि इतरांवर लक्ष ठेवून विषाणू जागा झाल्यावर दिले. पहिल्या गटात विषाणू जागा होण्याचे प्रमाण २.४ टक्के निघाले, दुसऱ्यात १७.९ टक्के. लक्ष ठेवण्याचा मार्ग चुकीचा नाही, काही ठिकाणी तो वापरतातही. पण त्यासाठी दर महिन्याला न चुकता डीएनए तपासला गेला पाहिजे आणि अहवाल आल्याबरोबर कोणीतरी तो पाहिला पाहिजे.

वैनगंगा
डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचे आहे. आम्ही गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंजच्या पुढे राहतो. माझ्या मोठ्या दिरांना लिम्फोमाचाच एक संथ प्रकार होता आणि त्यांना रिटुक्सिमॅबसह उपचार मिळाले, कुठे ते लिहीत नाही. उपचारांआधी 'व्हायरल मार्कर' झाले होते आणि तिन्ही निगेटिव्ह होते. अँटी-एचबीसी नावाची काही तपासणी असते हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि त्यांच्या फाइलीत ती कुठेही नाही. उपचार संपले, गाठी गेल्या, ते पुन्हा शेतावर जाऊ लागले. धानाची कापणी आटोपली आणि त्यांची भूक गेली. मग लघवी पिवळी, मग डोळे.

कर्करोगाचे उपचार संपून बरेच महिने झाले होते, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्याच मनात आला नाही. गावात कावीळ म्हटली की आधी झाडपाला आणि गळ्यात माळ. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते असे मानतात. ती रोज लांब होत होती आणि ते रोज अधिक झोपत होते. नागपूरला आणले तेव्हा रक्त गोठण्याची क्रिया पार बिघडलेली होती आणि विषाणूचा आकडा कोटींत होता. तेथून ते परत आले नाहीत.

अंबाझरी काका, महिन्याला एक तपासणी हे नागपुरात बसून सोपे वाटते. आमच्याकडून येण्याजाण्यात पूर्ण दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि ही तपासणी तालुक्याला होत नाही. डब्यात ठेवून रोज घ्यायची गोळी आम्हाला त्यापेक्षा जमण्यासारखी आहे.

शुभदा_रेशीमबाग
वैनगंगाताई, वाचून फार वाईट वाटले. तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल आभार. भावाला हा धागा पाठवला आहे.

अंबाझरी
वैनगंगाताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. माझ्या गणितात प्रवास धरलेला नव्हता.

धंतोली_लॅब
मी धंतोलीत एका प्रयोगशाळेत काम करतो. 'व्हायरल मार्कर' या शब्दावर थोडे लिहितो, कारण नागपुरातला निम्मा घोटाळा तिथेच आहे. आमच्या काउंटरवर 'व्हायरल मार्कर' लिहिलेली चिठ्ठी आली की त्याचा अर्थ एचआयव्ही, एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सी एवढाच घेतला जातो. हा संच शस्त्रक्रियेआधी किंवा डायलिसिसआधी करण्यासाठी रूढ झालेला आहे. त्यात अँटी-एचबीसी नसते. ती वेगळी लिहावी लागते आणि लिहिताना 'टोटल' हा शब्द असावा लागतो. नुसते 'अँटी-एचबीसी' लिहिले तर काही ठिकाणी आयजीएम केली जाते. आयजीएम ही मुख्यतः नुकत्याच झालेल्या संसर्गाची खूण आहे. चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलेला संसर्ग तिच्यात दिसणार नाही, आणि निगेटिव्ह अहवाल हातात घेऊन माणूस निर्धास्त होईल.

दुसरी गोष्ट वेळेची. ल्युकेमियाच्या रुग्णांना सुरुवातीलाच रक्त आणि प्लेटलेट्स चढवाव्या लागतात, काहींना इम्युनोग्लोब्युलिनही देतात. त्यांतून दात्यांची प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात येतात आणि अँटी-एचबीसी काही काळ उसनी पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणून नमुना शक्यतो हे सगळे चढवण्याआधी घेतलेला बरा. याच्या उलटही घडते. ज्यांच्या शरीरात आजारामुळे प्रतिद्रव्येच धड तयार होत नाहीत, त्यांची ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून अहवालाची ओळ एकटी वाचू नये, सोबत रुग्णही वाचावा.

संत्राबर्फी
शेवटचे वाक्य धंतोलीतल्या प्रत्येक जिन्यावर लावण्यासारखे आहे.

सावनेरकर
धागा हिपॅटायटिसचा आहे याची कल्पना आहे, पण शरीरात दडून बसणारा तो एकटाच नाही. मला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) आहे. त्यावरील बॉर्टेझोमिब या औषधाचे पोटात इंजेक्शन आठवड्याला एक असे चालू होते आणि सोबत असायक्लोविर ही विषाणूविरोधी गोळी होती. मध्यंतरी योजनेच्या कागदपत्रांमुळे रुग्णालय बदलावे लागले. नव्या ठिकाणी चिठ्ठी नव्याने लिहिली गेली आणि त्यात असायक्लोविरची ओळ आलीच नाही.

काही आठवड्यांनी उजव्या बाजूला, छातीपासून पाठीपर्यंत आग होऊ लागली. वर काहीच दिसत नव्हते. आधी ईसीजी झाला, मग पित्ताची गोळी मिळाली. तीन-चार दिवसांनी पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला आणि आमच्या सौभाग्यवतींनी पाहताक्षणी सांगितले, ही नागीण आहे. मग सल्ल्यांना तोटा राहिला नाही. कोणी गेरूचा लेप सांगितला, कोणी उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस वाचत नाही, हे तर भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच सांगत होता. माझी मायलोमाची भीती काही दिवस त्यामुळे मागे पडली, एवढाच त्याचा उपयोग.

फोड सुकले, पण वेदना राहिली. मे महिन्यात नागपुरात अंगात सदरा घालवत नव्हता आणि कूलरची हवा त्या पट्ट्यावर आली तरी भाजल्यासारखे होई. अजून रात्री मज्जातंतूंच्या दुखण्याची गोळी घ्यावी लागते. त्या एका ओळीने माझ्याकडून मायलोमापेक्षा जास्त झोप हिरावून घेतली आहे.

वऱ्हाडी_ठेचा
काका, तोंड आणि शेपूट मिळण्याची गोष्ट आमच्या आजीनेही सांगितली होती. मी तेव्हा टेप घेऊन मोजायला निघालो होतो.

डॉ_निशाचर
सावनेरकर काकांचा अनुभव या धाग्यात अगदी योग्य ठिकाणी आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की तो विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत राहतो. तो जागा झाला की एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, म्हणून पट्टा शरीराच्या एकाच बाजूला आणि एकाच पातळीवर उठतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे त्यांच्यात फोड अंगभर पसरू शकतात आणि तेव्हा रुग्णालयात शिरेतून औषध द्यावे लागते. पण तोंड-शेपटाशी त्याचा संबंध नाही.

बॉर्टेझोमिबबरोबर नागिणीचे प्रमाण वाढते हे त्याच्या मोठ्या चाचण्यांतच दिसले होते. नव्याने निदान झालेल्या मायलोमाच्या एका चाचणीत बॉर्टेझोमिब मिळालेल्या गटात ते १३ टक्के होते आणि न मिळालेल्या गटात ४ टक्के. त्याच गटातल्या ज्यांना विषाणूविरोधी औषध मिळत होते त्यांच्यात ते ३ टक्क्यांवर आले. असायक्लोविर जुने, स्वस्त आणि बहुतेकांना सोसणारे औषध आहे. मायलोमात मूत्रपिंड कमकुवत असू शकते, म्हणून मात्रा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पाहून ठरवतात आणि पाणी भरपूर प्यायला सांगतात.

आणि एक गोष्ट वॉर्डासाठी. नागिणीच्या ओल्या फोडांपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर ल्युकेमियाचे लहान मूल बसलेले असते. अंगावर फोड दिसले तर आत जाण्याआधी सिस्टरांना सांगावे.

फार्मा_मेडिकल_चौक
नागिणीची लस हल्ली मिळते का, असे रोज कोणीतरी विचारते, म्हणून इथेच सांगतो. २०२३ पासून भारतात जिवंत विषाणू नसलेली लस उपलब्ध आहे. तिचे दोन डोस असतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देता येते, पण केमोच्या चक्रात नेमकी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांनीच ठरवायचे. जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूंच्या लशी, उदाहरणार्थ कांजिण्यांची, अशा रुग्णांनी या काळात घ्यायच्या नसतात. नागिणीची लस महाग आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बिल पाहून माझ्यावर राग निघतो.

शुभदाताई, तुमच्या एन्टेकाविरबद्दल दुकानदाराच्या नजरेतून सांगतो. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, म्हणजे जेवणानंतर किमान दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी किमान दोन तास. आर-चॉपच्या पाच दिवसांत प्रेडनिसोलोन सकाळी पोटभर नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात आणि लोक सोयीसाठी दोन्ही एकत्र घेतात. तसे करू नये. आठ वाजता जेवण आटोपत असेल तर साडेदहा-अकराला झोपताना ही गोळी, असे बहुतेकांना जमते. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तिचीही मात्रा बदलते. आणि पाकीट संपण्याची वाट न पाहता दोन आठवड्यांचा साठा हाताशी ठेवावा.

खर्चाचे म्हणाल, तर २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तुमच्या परिस्थितीत ती मिळतील का, हे मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाऊन विचारून घ्या.

कन्हानकाठ
माझ्या मुलीला ल्युकेमिया उलटल्यावर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावे लागले. दाता तिचे बाबाच होते, अर्धी मॅच. ते दुसऱ्या शहरात झाले. आम्हाला पहिल्या दिवसापासून ज्या विषाणूचे नाव ऐकवले गेले तो सीएमव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस. डॉक्टरांनी सांगितले, की भारतात बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात तो असतोच, निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याची मॅरो रुजत असताना मात्र तो फुप्फुस, आतडे, डोळा, कुठेही उतरू शकतो. म्हणून दर आठवड्याला पीसीआर. त्या काळात आमच्या घरात वार त्या अहवालाप्रमाणे मोजले जात.

एकदा आकडा वर गेला आणि गॅनसायक्लोविर सुरू झाले. त्याने विषाणू उतरला, पण नुकत्या कुठे वर येऊ लागलेल्या पांढऱ्या पेशीही खाली आल्या. काउंट पडला की वाढीचे इंजेक्शन, पुन्हा औषध, पुन्हा काउंट. ट्रान्सप्लांटपेक्षा तो काळ मला अधिक थकवणारा वाटला. नागपूरला परतल्यावर नमुना इथल्या एका प्रयोगशाळेत दिला, तर आकडा एकदम कितीतरी मोठा आला आणि आम्ही रात्रीच बॅग भरली. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर विचारले, नमुना प्लाझ्माचा होता की पूर्ण रक्ताचा? त्यांच्याकडे प्लाझ्मावर तपासणी होत होती, इथे पूर्ण रक्तावर. त्यांच्याच पद्धतीने पुन्हा केली तेव्हा आकडा पूर्वीइतकाच निघाला.

धंतोली_लॅब
कन्हानकाठताई, हे प्रत्येक ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यायला हवे. एका प्रयोगशाळेचा सीएमव्हीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. तुलना करायची तर तीच प्रयोगशाळा, तोच नमुन्याचा प्रकार.

डॉ_निशाचर
आता सीएमव्हीसाठी लेटरमोविर नावाचे प्रतिबंधक औषध आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ते पांढऱ्या पेशी पाडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. खर्च मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. ज्यांना ते मिळते त्यांनी ध्यानात ठेवावे, की ते नागिणीच्या विषाणूवर चालत नाही. 'विषाणूचे महागडे औषध चालू आहे' म्हणून असायक्लोविर बंद करायचे नसते.

वऱ्हाडी_ठेचा
शुभदाताईंच्या बाबांपासून घरात कोणाला लागण होऊ शकते का? आमच्या मामांचे ताट-वाटी मामींनी कुठेतरी वाचून वेगळे केले होते. मामा कर्करोगाला घाबरले नाहीत, पण त्या वेगळ्या ताटामुळे जेवेनासे झाले.

डॉ_निशाचर
ताट वेगळे करण्याचे कोणत्याही परिस्थितीत कारण नाही. हिपॅटायटिस बी अन्नातून, पाण्यातून किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो. ज्यांचे एचबीएसएजी निगेटिव्ह आहे आणि डीएनए आढळत नाही त्यांच्यापासून घरात संसर्ग होण्याची चिंता करू नये. दाढीचे ब्लेड आणि नखे कापायचे यंत्र वेगळे असावे, ते तर सर्वांनीच पाळावे. बाबांच्या भावंडांनी मात्र एकदा तपासणी करून घ्यावी, कारण बाबांना झालेला संसर्ग त्यांच्या लहानपणीचा असेल तर आत्या-काकांनाही झालेला असू शकतो. ज्यांना तो झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही त्यांनी तीन डोस घ्यावेत. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ पर्यंत पोहोचली, त्यामुळे आपल्या पिढीतले बहुतेक जण लशीशिवायच राहिले आहेत.

अंबाझरी
पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. रिटुक्सिमॅबच्या बाबतीत मी हरलो, पण माझा आग्रह पूर्णपणे सोडलेला नाही. प्रत्येक केमोला प्रत्येक अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह रुग्णाला गोळी, असे तर नाही ना?

डॉ_निशाचर
नाही, आणि तिथे तुमचा मार्गच योग्य ठरतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर जवळजवळ सर्व केमोंमध्ये आधीपासून गोळी देतात. ते निगेटिव्ह आणि फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल, तर उपचार कोणता यावर निर्णय ठरतो. रिटुक्सिमॅब किंवा त्याच्या कुळातले औषध असेल, किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट असेल, तर गोळी. इतर बऱ्याच केमोंमध्ये ठराविक काळाने एएलटी (यकृताची तपासणी), एचबीएसएजी आणि डीएनए तपासत राहणे पुरते, अट एवढीच की रुग्ण येत राहिला पाहिजे.

कालावधीचा प्रश्न शुभदाताईंनी सुरुवातीला विचारला होता, तो मागे राहिला. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतरही बी-पेशी साधारण सहा महिने ते वर्षभर परतत नाहीत. विषाणू या काळात वाढत राहतो, आणि प्रतिकारशक्ती परत आली की ती विषाणू असलेल्या यकृतपेशींवर तुटून पडते. वैनगंगाताईंच्या दिरांची कावीळ उपचार संपल्यावर इतक्या महिन्यांनी आली, त्याचे कारण हेच असावे. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर किमान १२ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि युरोपीय यकृततज्ज्ञांच्या सूचनेत रिटुक्सिमॅबसाठी १८ महिने आहेत. बाबांचे दीड वर्ष तिथून आले. गोळी थांबवल्यावरही पुढचे वर्षभर तपासण्या असतात, कारण काहींचा विषाणू गोळी बंद झाल्यावर उठतो.

शुभदा_रेशीमबाग
सर्वांचे मनापासून आभार. काल भाऊ आला आणि आम्ही दोघे डॉक्टरांना भेटलो. हा धागा वाचलेला असल्याने प्रश्न नेमके विचारता आले. गोळी सुरू झाली आहे. मी डॉक्टरांना विनंती केली, की गोळी कधीपर्यंत घ्यायची ते चिठ्ठीवर न लिहिता फाइलीच्या मुखपृष्ठावर लिहावे, कारण चिठ्ठ्या बदलत राहतात. त्यांनी लाल पेनाने लिहिले: 'एन्टेकाविर, शेवटच्या रिटुक्सिमॅबपासून १८ महिने, विचारल्याशिवाय बंद करू नये.' सावनेरकर काका, हे तुमच्यामुळे सुचले. बाबा आता विचारतात, की यकृताचे आकडे चांगले असतील तर डीएनए वारंवार का करायचा?

डॉ_निशाचर
कारण क्रम तसा आहे. आधी रक्तात विषाणू वाढतो, काही आठवड्यांनी एएलटी चढते, आणि कावीळ त्यानंतर. एएलटीची वाट पाहिली तर हातातले ते आठवडे जातात, आणि केमोही पुढे ढकलावी लागते.

अंबाझरी
एक प्रश्न आणखी, आणि तो विचारण्यासाठीच मी इतका वेळ वाद घालत होतो असे कोणाला वाटले तर त्यात थोडे तथ्य आहे. माझ्या पत्नीला संधिवात आहे, कर्करोग नाही. पुढच्या महिन्यात तिला रिटुक्सिमॅब द्यायचे ठरले आहे. तिच्याकडे 'व्हायरल मार्कर निगेटिव्ह' असा एक कागद आहे.

डॉ_निशाचर
काका, धोका औषधाचा आहे, आजार कोणता याने फरक पडत नाही. पहिल्या मात्रेआधी एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस या तिन्ही तपासण्या करून संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

अंबाझरी
उद्या सकाळीच धंतोलीत जातो. 'टोटल' हा शब्द चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेईन. तिने उपाशी राहायचे का?

धंतोली_लॅब
गरज नाही. नाश्ता करून या, फक्त गाडी लावायला जागा मिळवायची तर नऊच्या आत पोहोचा.